नावापुढचं विमान

पडद्यावर माझा फोटो आला तेव्हा नावापुढं एक छोटंसं निळं विमान होतं.

फोटो मीच पाठवलेला. कंपनीच्या गेटबाहेर काढलेला, हेल्मेट काखेत, केस पाणी लावून बसवलेले. खाली नाव, नावाखाली ‘उजव्या हाताचा मध्यमगती गोलंदाज’. आणि ते विमान. टीव्हीवर मोठ्या लीगचा लिलाव ज्यानं बघितलाय त्याला सांगायला नको. परदेशी खेळाडूच्या नावापुढं तसं विमान असतं. एका संघाला असे मोजकेच खेळवता येतात, म्हणून मालकांच्या पटकन ध्यानात यावं यासाठी ती खूण.

मी जन्मलो त्याच घरात राहतो. पोलादपूरपासून आंबेनळीच्या रस्त्यानं थोडं वर आलं की डाव्या हाताला आमचं गाव. रोज सकाळी कंपनीच्या बसनं महाड एमआयडीसीत जातो, ड्रम भरतो, संध्याकाळी परत येतो. विमान बघितलंय ते आभाळातलंच.

गेल्या वर्षीचा आमच्या लीगचा लिलाव देवळाच्या सभामंडपात चालला होता. माईकवर प्रवीण होता. गावचाच, मुंबईत लग्नाच्या हॉलमध्ये निवेदन करतो. तो म्हणाला, "आता पुढचा प्लेअर. आणि हा ओव्हरसीज आहे बरं का, मंडळी."

मागून कोणीतरी विचारलं, "कंचा देश रे? वेस्ट इंडीज काय?"

"रंगावरून तर तोच."

सगळा सभामंडप हसला. मी पण हसलो. खोटं कशाला सांगू, चांगले दात काढून हसलो. शेजारी सुनील बसला होता, त्याच्या मांडीवर थापसुद्धा मारली.

राग आला नाही. वाईटही वाटलं नाही. दाढ काढताना डॉक्टर सुई मारतो, मग गाल आपलाच असतो पण आपला लागत नाही. तसं सगळं अंग झालं होतं. त्याच्या दोन महिने आधी, मार्चमध्ये, मी महाडला चवदार तळ्यावर जाऊन आलो होतो. निळी टोपी घालून, फोटो काढून, स्टेटस ठेवून. आणि मे महिन्यात मंदिराच्या पायरीवर बसून हसत होतो. पायरीवर बसा असं आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. आत जागा होती. आमचे पाय आपले आपण तिथंच थांबले.

आता गावागावांत लीग आहेत. गावाचं नाव आणि पुढं प्रीमियर लीग. मे महिन्यात मुंबईचे चाकरमानी येतात तेव्हा भरते. सहा संघ, सहा मालक. मालक म्हणजे मुंबईत ज्यांचं बरं चाललंय ते गावचेच लोक. छापील जर्सी, यूट्यूबवर लाइव्ह, चौकार गेला की डीजे. टीव्हीवर जे जे असतं ते सगळं पाहिजे. टीव्हीवर परदेशी खेळाडूंचा नियम आहे, म्हणून आमच्याकडंही आला. एका संघाला बाहेरगावचा एकच खेळाडू. नियम वाईट नाही. तो नसता तर मालकांनी महाडकडचे नावाजलेले टेनिस बॉलवाले भरले असते आणि गावची पोरं बाहेर बसली असती.

पण त्या नियमात आम्ही दोघं बाहेरचे धरलो गेलो. मी आणि सुनील. बौद्धवाडीतून फॉर्म भरणारे तेवढेच होतो.

सुनील पोलादपूर स्टँडवर रिक्षा चालवतो आणि विकेटमागं उभा राहतो. त्याच्यासारखा कीपर तालुक्यात नाही, हे मी दोस्त म्हणून सांगत नाही, कोणालाही विचारा. तालुक्याच्या स्पर्धेला गावचा संघ जातो तेव्हा सुनील पहिला लागतो. तेव्हा त्याच्या घरापर्यंत गाडी येते. तेव्हा तो गावचा असतो.

त्या दिवशी लिलावात सहा जागा होत्या बाहेरच्यांच्या. पाच पाहुण्यांत गेल्या. सहावी जागा सुहासदादांच्या संघात उरली होती. सुहासदादा भिवंडीत गाळे बांधून देतात, गावात त्यांचा शब्द चालतो. त्यांनी माझ्यावर हात वर केला, आणि सहावी जागा भरली. त्यानंतर सुनीलचा फोटो आला, विमानासकट. प्रवीण म्हणाला, "जागा संपल्या. अनसोल्ड." पुढचा फोटो.

मला घेतलं म्हणून सुनील राहिला. गावच्या बेचाळीस पोरांसाठी जागा होत्या. ज्यांना बॅट उलटी की सुलटी कळत नाही तेसुद्धा शेवटी संघात वाटून घेतले. सुनील रिक्षा घेऊन निघून गेला. जाताना मला म्हणाला, "चांगलं टाक." त्याच्या तोंडावरसुद्धा काही दिसलं नाही.

मी विचारलं का नाही? विचारलं. दुसऱ्या दिवशी सहज विचारल्यासारखं. लीगच्या समितीच्या अध्यक्षांना गावात सगळे अण्णा म्हणतात. रिटायर झालेले मास्तर, मला चौथीपर्यंत त्यांनीच शिकवलं. अण्णा म्हणाले, "अरे, त्यात कुणाचा हेतू नाय. देवळाच्या मंडळाची यादी कॉम्प्युटरवर हाय, प्रवीणनं तीच घातली. यादीत हाय तो गावचा, नाय तो बाहेरचा. तुमी देवळाची वर्गणी देत नाय, मग यादीत कशे येणार?"

देवळाची वर्गणी आम्ही देत नाही, हे खरं. आजोबांनी धर्म बदलला तेव्हापासून नाही. आमच्या वाडीची गावकी वेगळी, मुंबईचं मंडळ वेगळं. मतदार यादीत आम्ही गावचे, रेशनकार्डावर गावचे, ग्रामपंचायतीच्या घरपट्टीला गावचे. क्रिकेटला देवळाची यादी लागते हे मला माहीत नव्हतं.

अण्णा वर म्हणाले, "तुला खेळाया मिळतंय ना? मग झालं."

मी म्हणालो, "होय अण्णा." आणि खेळलो.

चांगला खेळलो. पहिल्या सामन्यात तीन विकेट. हात त्याचं काम करत होता. मी दर चेंडूला पळत यायचो आणि प्रवीण माईकवर म्हणायचा, "येतोय आपला विदेशी पाहुणा." लोक शिट्ट्या मारायचे. मी वळून परत जायचो, परत पळत यायचो. शिफ्टमध्ये ड्रमचं झाकण लावतो तसं. एक झालं की दुसरं.

खऱ्या पाहुण्यांना मंडपात खुर्च्या होत्या. जेवायला त्यांची वेगळी पंगत, सरबत पहिलं त्यांना. मी पण ओव्हरसीज, म्हणून पहिल्या दिवशी तिकडं गेलो. एका खुर्चीला हात लावला. सुहासदादांचा पुतण्या म्हणाला, "बसतोस काय, टेम्पोतनं पाण्याचे जार उतरव जरा." मी उतरवले. सात जार. तेवढा वेळ मला कोणी विदेशी म्हणालं नाही.

माझ्यासोबत अस्लमनं दोन जार उचलले. तो दासगावचा, दुसऱ्या संघानं घेतलेला पाहुणा, सात नंबरला येऊन नुसता उडवतो. बोलता बोलता त्यानं विचारलं, "तू कुठला?"

"इथलाच. ती घरं दिसतात ना, आंब्याखालची."

त्यानं घरांकडं बघितलं. मग माझ्याकडं. "मी दासगावचा, माझ्या नावापुढं विमान ठीक हाय. तुझ्या का लावलंय?"

मी म्हणालो, "असंच. यादीची काहीतरी गडबड."

 तो जार ठेवून खुर्चीवर जाऊन बसला आणि शेजारची खुर्ची माझ्यासाठी पुढं सरकवली. मी बसलो नाही. का बसलो नाही, सांगता येत नाही.

घरी आईला यातलं काही माहीत नव्हतं. तिनं माझा दुसरा सामना शेजारच्या पोरीच्या मोबाइलवर बघितला. आयुष्यात पहिल्यांदा मला स्क्रीनवर बघितलं. मी घरी आलो तर अंगणात वाडीतल्या चार बायका बसलेल्या. त्यातली एक म्हणाली, "आता आमाला वळख ठेव रे बाबा."

मला कळेना. आईच म्हणाली, "नावापुढं विमान दावलं तुझ्या. दोघातिघांच्याच नावापुढं हाय, बाकी कुनाच्या नाय. मी नळावर सांगितलं सगळ्यांना. माझ्या पोराला निवडलंय, विमानानं नेनार हायत."

ती हसत होती. माझी आई फार हसत नाही. वडील गेल्यापासून तर नाहीच.

बायका गेल्या. आई सुपात तांदूळ घेऊन बसली. मी तिथंच उभा होतो, जर्सी अंगात, पाठीवर सुहासदादांच्या कंपनीचं नाव. गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. चार दिवसांत लीग संपणार होती, विमान विसरलं गेलं असतं. पण उद्या ती परत नळावर जाणार होती.

"आये, ते विमान निवडल्याचं नाय."

"मग?"

"बाहेरच्याचं हाय. जो गावचा नाय त्याच्या नावापुढं लावतात."

"तू कुठला बाहेरचा?"

"आपली वाडी बाहेरची धरलीय त्यांनी. मी, सुनील. आपण सगळीच."

तिचे हात थांबले नाहीत. खडा दिसला तो तिनं उचलून टाकला.  मग म्हणाली, "आता नळावर काय सांगू?"

तेवढंच. रडली नाही, कोणाला शिवी दिली नाही. नळावर काय सांगू. त्या वाक्यानं माझा बधिरपणा उतरला, आणि उतरतो तेव्हा दुखतं. सभामंडपातलं हसणं मला तेव्हा ऐकू आलं. त्यात माझा आवाज सगळ्यात मोठा होता. मला माझीच शरम वाटली, आणि शरमेच्या मागोमाग राग आला. एवढा राग की जर्सी डोक्यातून निघेना, बाहीच फाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी उपांत्य सामना होता. मी टॉसच्या आधी समितीच्या टेबलापाशी गेलो. अण्णा होते, सुहासदादा होते, प्रवीण लॅपटॉप घेऊन बसलेला. मी म्हणालो, "माझ्या नावापुढचं विमान काढा. सुनीलच्या पण. आम्हाला गावचे धरा आणि त्याला खेळवा."

प्रवीण म्हणाला, "सॉफ्टवेअरमध्ये बसलंय. स्पर्धा चालू असताना काढता येत नाही."

सुहासदादा म्हणाले, "खेळात हे कशाला आणतोस? मी तुला घेतला, दुसऱ्या कुणी हात वर केला होता काय?"

अण्णा म्हणाले, "तू शाना पोरगा. आता सामना खेळ, पुढच्या वर्षी बघू."

मी जर्सी टेबलावर ठेवली. नीट घडी करून. आईनं बाही रात्रीत शिवून दिली होती, तरी टाके दिसत होते. "मी खेळणार नाय," म्हणालो.

सुहासदादांना वाटलं मी भाव खातोय. त्यांनी दुसरा पोरगा उभा केला आणि ते जिंकले. माझ्यावाचून काही अडलं नाही.

आता मैदानाचं सांगतो. आमच्याकडं सपाट मैदान कुठलं आलं. भाताची खाचरं आहेत, पायऱ्यांसारखी. नदीकाठची अकरा खाचरं त्यातल्या त्यात एका पातळीत आहेत. लीगसाठी त्यांचे बांध ट्रॅक्टरनं फोडतात, माती पसरतात, रोलर फिरवतात. पावसाआधी ज्याचा त्यानं आपला बांध परत घालायचा. त्या अकरांतलं एक खाचर आमचं. वतनाचं. आजोबांच्या आजोबांना गावानं दिलेलं. सांगावे न्यायचे, मेलेलं ढोर ओढायचं, त्याच्या बदल्यात. आमचं बाकी कुठं काही नाही, तेवढं एक खाचर आहे, आणि लाँग ऑनची बाउंड्री त्यात येते.

मैदान करायच्या वेळी अण्णाच विचारायला आले होते. आई नको म्हणत होती, तिला त्यात भाताच्या रोपांसाठी राब भाजायचा होता. अण्णा म्हणाले होते, "गावाचं काम हाय, वैनी. आपल्याच पोरांचं हाय." आईनं दिलं. राब दुसऱ्याच्या रानात भाजला.

फायनलच्या दिवशी मी कंपनीत सुट्टी टाकली. सकाळी सहा वाजता कुदळ आणि फावडं घेऊन खाचरात उतरलो. मैदानावर फक्कीच्या पांढऱ्या रेघा मारून झाल्या होत्या. मी आमच्या हद्दीच्या दगडापासून सुरुवात केली आणि माती ओढायला लागलो. थोड्या वेळानं सुनील आला. त्यानं फावडं उचललं. आई घमेलं घेऊन आली. तिघांनी मिळून नऊपर्यंत गुडघाभर बांध घातला.

पहिला प्रवीण पळत आला. मग बाकीचे. चाळीसएक लोक जमले.

"अरे, आज आमदार यायचेत, लाइव्ह हाय, गावाची अब्रू घालवतोस?"

मी माती थापत होतो.

सुहासदादा आवाज खाली घेऊन म्हणाले, "पुढच्या वर्षी तुला पहिल्या नंबरला घेतो. सगळ्यांच्या आधी. शब्द हाय."

मी म्हणालो, "दादा, बाहेरच्या माणसाचं खाचर हाय. गावच्या मैदानात कशाला पायजे?"

कोणी हसलं नाही. एका पोरानं बांधाला लाथ घातली, माती ढासळली. आई पुढं झाली, तेवढी माती हातानं परत लावली, आणि त्या पोराकडं बघून म्हणाली, "घाल अजून. मी लावते." त्यानं घातली नाही. अण्णांनी सगळ्यांना मागं घेतलं.

फायनल झाली. बाउंड्री आत घेतली, दोरी लावून. लाँग ऑनची बाजू आखूड झाली म्हणून तिकडं षटकार जास्त गेले, लोकांना उलट मजा आली. आमदार आले, चषक दिला, डीजे वाजला. सुहासदादांचा संघ जिंकला. प्रवीणनं माईकवर आमचं नाव काढलं नाही. आम्ही बांधाच्या अलीकडं बसून भाकरी खाल्ली.

नंतरचं पण सांगतो. गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरून मला काढलं. कंपनीच्या बसमध्ये गावचे दोघे आहेत, ते शेजारी बसत नाहीत. तालुक्याच्या स्पर्धेला सुनीलच्या घरी गाडी आली नाही. त्याला ते फार लागलं. एकदा स्टँडवर तो मला म्हणालाच, "तुझा बांध झाला, माझं वर्षातलं एक ते खेळणं होतं."  त्याचं खरं आहे. मलाही चेंडू टाकायची सवय आहे, खांदा शिवशिवतो. सुट्टीच्या दिवशी घरामागं भिंतीवर टाकतो. भिंत परत देते, पण तो काही खेळ नाही.

या वर्षी एप्रिलमध्ये अण्णा घरी आले. बाहेरच्या दगडावर बसले, आईनं पाणी दिलं, प्यायले. म्हणाले, "सगळं मिटवू. विमान काढलंय आता. तुमच्या वाडीच्या पोरांना चांदणी लावनार. मानाचे खेळाडू. प्रत्येक संघाला एक मानाचा घ्यावाच लागंल, सक्ती केलीय आमी."

मी विचारलं, "आणि यादी?"

"यादी तीच. ती देवळाची हाय रे, ती कशी बदलनार?"

"मग मतदार यादी घ्या. ती सगळ्यांची हाय. आणि समितीत आमच्या वाडीचा माणूस घ्या."

"एवढं ताणू नये. खेळच तो."

मी म्हणालो, "अण्णा, तुमी मला बाराखडी शिकवलीत, म्हणून दारात बसवून सांगतो. चांदणी नको. सवलत नको. बेचाळीस नावं जशी लिहिता तशी आमची लिहा, मधेच, अकारविल्हे. तोवर खाचर मिळणार नाय आणि आम्ही खेळणार नाय."

आई आतून म्हणाली, "मी पन देनार नाय." तिला कोणी विचारलं नव्हतं.

अण्णा गेले. त्या रविवारी मी आणि सुनील नदीतून दगड आणले. त्याच्या रिक्षातून, अकरा खेपा. मातीचा बांध ट्रॅक्टरच्या एका फेरीत जातो, म्हणून या वेळी दगडाचा घातलाय, कंबरेपर्यंत. तो फोडायचा तर कोणालातरी येऊन आम्हाला विचारावं लागेल. आणि विचारायला येणाऱ्यानं आधी आमची नावं यादीत लिहून आणायची आहेत.